सोडून दिलेल्या ओळी

म्हात्रेकाकांना "काय विशेष?" असं विचारायची सोय नव्हती. आपण रीत म्हणून विचारतो. समोरच्यानं "काही नाही, चाललंय" म्हणावं आणि दोघांनी आपापल्या वाटेनं जावं, एवढीच आपली अपेक्षा असते. काका मात्र थांबायचे, चष्मा कपाळावर सरकवायचे आणि विचारायचे, "कालच्यापेक्षा का?" आणि मग खरोखरच सांगायला लागायचे. कासूच्या फलाटावरच्या नळाची तोटी बदलली. नागोठण्याच्या अलीकडे एका शेतात दरवर्षी वाल असायचे, यंदा दुसरंच काहीतरी आहे, पानाचा रंग पोपटी आहे. समोरच्या बाकावरच्या बाईंचं घड्याळ काल उजव्या हातात होतं, आज डाव्या हातात आहे. मी पेणला गाडीत चढायचे, ते पुढच्या स्टेशनला, कासूला. तिथपासून रोह्यापर्यंत हे बातमीपत्र चालायचं. पहिले काही महिने मी झोपेचं सोंग घेत असे. नंतर कधीतरी मला त्याची सवय झाली आणि एखाद्या दिवशी ते आले नाहीत तर रोहा फार लवकर आल्यासारखं वाटायचं.

आम्ही दोघं रोह्याजवळच्या एका रसायनांच्या कारखान्यात होतो. मी इंजिनिअरिंग संपवून नुकती चिकटलेली, आणि काका निवृत्तीला आलेले. त्यांचे वडील मिठागरात होते. काका कारखान्यात लागले ते हेल्पर म्हणून. मग मीटर दुरुस्त करायला शिकले, आणि कंट्रोल रूममध्ये कॉम्प्युटर आले तेव्हा तेही शिकले, कुणी शिकवलं नाही तरी. त्यांचं इंग्रजी वाचण्यापुरतं होतं. बोलायची वेळ आली तर शेजारच्याला पुढं करत. पण काळ्या पडद्यावर दोन बोटांनी टकटक करत ते जी आज्ञा लिहीत, ती पहिल्या फटक्यात चालायची. माझी दहा बोटं असून चालत नसे.

त्यांचं रोजचं काम ऐकायला क्षुल्लक होतं. कारखान्यातल्या प्रत्येक टाकीचं तापमान किती ठेवायचं, कुठला पंप कधी सुरू करायचा, कुठली घंटा कधी वाजायची, या सगळ्याची एक लांबलचक फाइल असते, नुसत्या अक्षरांची, शेकडो ओळींची. कालची फाइल आणि आजची फाइल ताडून बघायची. कुणी काही हात लावला असेल तर ते दिसलं पाहिजे. हे ताडण्यासाठी 'डिफ' नावाची आज्ञा आहे. दोन फाइली तिच्यापुढे टाकल्या की ती वेगळ्या असलेल्या ओळी तेवढ्या दाखवते. फरक नसला तर काहीच बोलत नाही. "शहाणी बाई हाय," काका म्हणायचे. "उगाच शाबास-बिबास म्हणत नाय."

पहिल्या दिवशी मी ती आज्ञा चालवली आणि पडदाभर ओळी धबाधबा कोसळल्या. मी मोठ्या उत्साहानं त्यांचे छापील कागद काढले आणि काकांपुढे ठेवले. म्हटलं, "काका, खूपच बदल झालेत." काकांनी कागद एकदा खालपर्यंत पाहिले आणि मला परत दिले.

"बाय, यात सगळ्या तारखा हायत. फाइल रोज निघते तर तारीख रोज बदलनारच. उद्या तू मना सांगशील सूर्य उगवला."

मग त्यांनी मला इंग्रजी मोठ्या 'आय' अक्षराची युक्ती दाखवली. डिफच्या पुढे मोठा आय लिहायचा आणि त्याच्यापुढे एक नमुना. या नमुन्याच्या ओळी बदलल्या तरी मला सांगू नकोस, असा त्याचा अर्थ. तारखेचा नमुना लिहिला आणि पडद्यावर दोनच ओळी उरल्या. मला तेव्हा जादूच वाटली. काकांना वाटत नव्हती. ते म्हणाले, "हा चाकू हाय. भाजी कापायला दिलाय."

त्यासाठी त्यांनी एक वही ठेवली होती. तपकिरी पुठ्ठ्याची, वर त्यांच्या गोल अक्षरात 'सोडून द्यायच्या ओळींची वही'. कुठलाही नमुना त्या यादीत घालायचा तर आधी वहीत लिहायचा: कुठला, का, कुणी सांगितला. खाली सही. आणि दर शनिवारी यादी बाजूला ठेवून एकदा सगळं उघडं करून बघायचं, तारखांसकट. "आपन काय काय झाकून ठेवलंय ते आठवड्यातून एकदा बघावं. नायतर झाकलंय हेच इसरायला होतं."

आमचा साहेब पुण्याहून आलेला, तरणाबांड, घाईचा. तो या वहीला 'म्हात्र्यांची पोथी' म्हणायचा. एकदा त्यानं सांगितलं, 'टाइम' हा शब्द ज्या ज्या ओळीत येईल ती ओळ सोडून द्या, वेळेच्या कटकटीच नकोत. काका म्हणाले, "टोपी घालून देतो." टोपी म्हणजे ते वरच्या टोकाचं चिन्ह, नमुना फक्त ओळीच्या सुरुवातीलाच लागू व्हावा म्हणून घालतात ते. साहेब म्हणाला, कशाला, काय फरक पडतो. काकांनी टोपी घातलीच, आणि वहीत लिहिलं, 'साहेबांना नको होती.' पंधरा दिवसांत दुसऱ्या शिफ्टमधल्या कुणीतरी घरी लवकर जायच्या गडबडीत एका टाकीचा 'होल्ड टाइम' चाळीस मिनिटांवरून तीसवर आणला. त्या ओळीतही टाइम होताच, पण सुरुवातीला नव्हता, म्हणून टोपीमुळे ती ओळ झाकली गेली नाही. सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी काकांनी तो पकडला. साहेब दिवसभर त्यांच्या टेबलाकडे फिरकला नाही. काकांनीही विषय काढला नाही. टिफिन उघडून त्यांनी मला बोंबलाच्या चटणीचा वाटा नेहमीपेक्षा जरा मोठा दिला, तेवढाच काय तो विजयोत्सव.

पेणला माझ्या मामांचा गणपतींचा कारखाना आहे. काका एकदा तिथं मूर्ती सांगायला आले. एकाच साच्यातले चाळीसेक गणपती, रंग न दिलेले, पांढरेफटक, ओळीनं मांडलेले. काका मागे हात बांधून प्रत्येकासमोर थांबत थांबत गेले. मामांना वाटलं, गिऱ्हाईक चोखंदळ आहे, बहुतेक काही घेणार नाही. तिसऱ्या रांगेत काका थांबले आणि म्हणाले, "धूळ सोडून देतो, पुसता येईल. पन ह्याचं हे बोट साच्यातलं नाय. मागाहून लावलंय." मामा ओशाळले. बोट तुटलं होतं आणि त्यांनी स्वतः हातानं घडवून चिकटवलं होतं, इतकं बेमालूम की घरातही कुणाला कळलं नव्हतं. मामा दुसरी मूर्ती पुढं करायला लागले तर काका म्हणाले, "नको, हाच द्या. चाळिसात हा एकच मना वळखू येईल."

त्या वर्षी मी दर्शनाला त्यांच्या घरी कासूला गेले. तिथं लीलाकाकी पहिल्यांदा भेटल्या. ठसठशीत कुंकू, मोठा आवाज, आणि नवऱ्याची चेष्टा करण्यात पटाईत. मूलबाळ नव्हतं. दोघंच घरात, पण काकींच्या आवाजानं घर भरलेलं असायचं. मी काकांच्या बारीक नजरेचं कौतुक करायला लागले तर त्यांनी कपाळाला हात लावला.

"कसली नजर गो! नवं लुगडं नेसून चार वेळा म्होरून गेले मी. ह्यांना पत्ता नाय. गाडीतल्या बायांची घड्याळं बरी दिसतात!"

काका हसले. म्हणाले, "तू कुठं बदलतेस?"

त्या दिवशी आम्ही तिघंही या वाक्यावर हसलो.

पुढं दोनेक वर्षांत काकी बदलायला लागल्या. कालवणात मीठ दोनदा पडायला लागलं. मग एक दिवस सकाळी दहा वाजता त्या डबा घेऊन कासूच्या फलाटावर उभ्या राहिलेल्या सापडल्या. काकांना डबा द्यायचा म्हणून. काका सहाच्या गाडीनंच गेलेले, डबा घेऊन. पेणच्या डॉक्टरांनी मोठ्या डॉक्टरांकडे पाठवलं, तिथून निदान झालं. विसरण्याचा आजार. हळूहळू वाढत जातो, थांबत नाही. लक्ष ठेवा, काय बदलतंय ते टिपत राहा, असं डॉक्टरांनी सांगितलं. डॉक्टरांना काय माहीत, कुणाला सांगताहेत ते!

तेव्हापासून गाडीतलं बातमीपत्र बंद पडलं. काका खिडकीशी बसून बाहेर बघत, पण सांगत काही नसत. मीच एकदा न राहवून विचारलं, "काय विशेष, काका?" ते म्हणाले, "कालच्यापेक्षा..." आणि खिडकीची काच खाली ओढली.

दिवसभर काकींजवळ राहायला त्यांनी सुमनला ठेवलं. सुमन डोंगराकडच्या वाडीवरची, नववीपर्यंत शिकलेली, अतिशय नेटकी बाई. सकाळी यायची आणि पाचला निघायची, वाडीवर जाऊन घरची चूल पेटवायला. काका यायला सात वाजायचे. मधला वेळ शेजारच्या ओट्यावरून कुणीतरी लक्ष ठेवी. म्हणजे सुमनची आणि काकांची गाठ सकाळी दारात पडायची, काका चपला घालत असताना, तेवढीच. म्हणून काकांनी तिला एक पद्धत घालून दिली. दिवसभरात काय झालं ते दुपारी फोनवर लिहून पाठवायचं, एका ओळीत एक गोष्ट, रोज त्याच क्रमानं. 'उठली: आठ वाजता.' 'जेवली: अर्धी भाकरी.' 'औषध दिलं.' मग काकी दिवसभरात जे जे विचारतील ते खाली, एकेका ओळीत, 'विचारलं' असं लिहून. 'विचारलं: गाडी गेली का.' 'विचारलं: पाऊस हाय का.' फोनवरची बारीक अक्षरं दिसत नसत म्हणून चहाच्या सुट्टीत काका तो निरोप तसाच कॉम्प्युटरवर घ्यायचे आणि कालच्या निरोपाशी ताडायचे. डिफ. दुसरं काय करणार? त्यांना जगात ताडून बघण्याची तीच एक रीत माहीत होती.

त्यांनी मनाशी एक ठरवलं होतं. मला ते गाडीत सांगितलं होतं, नागोठणं येता येता. "ती मना वळखते तवर तिच्यासंगती बसायचं हाय, बाय. वळखायचं जरा कमी व्हतंय असं दिसलं, की दुसऱ्या दिवशी राजीनामा." मी म्हटलं, मग आत्ताच का नाही? ते म्हणाले, "घरात लई गप्प असतं गो आता. दिवसभर बसलो तर मीच येडा व्हईन. थोडं लांबवतो." तेवढ्यात त्यांची निवृत्तीची तारीख आली आणि कंपनीनं अजून एक वर्ष थांबा म्हणून गळ घातली. काकांनी फाइलवर भरवसा ठेवून हो म्हटलं. फाइल वेळेवर सांगेल, अशी त्यांची खात्री होती.

आता जे सांगायचं आहे ते मी आजवर घरी आईलासुद्धा नीट सांगितलेलं नाही.

त्या 'विचारलं'च्या ओळींचा काकांना त्रास व्हायचा. काकी दिवसातून वीस गोष्टी विचारत, रोज वेगळ्या क्रमानं. डिफला क्रम बदलला तरी फरकच वाटतो. त्यामुळे रोज पडद्यावर पहिल्या दिवशीच्या माझ्या तारखांसारखा पसारा. काका एकेक ओळ वाचत बसत. पाऊस हाय का. गाडी गेली का. आई कुठं गेली. आई जाऊन तीस वर्षं झाली होती. चहा गार होई आणि काकांचा चेहरा तसाच होत जाई. मला ते बघवेना. मी म्हटलं, "काका, विचारलंच्या ओळी सोडून द्या ना. त्या रोज बदलणारच. जेवण, झोप, पडली-झडली, एवढं बघा. मी लिहून देते नमुना."

मी खुर्ची ओढून लिहून दिलासुद्धा. टोपी घालून. ओळीच्या सुरुवातीला 'विचारलं' असेल तर सोड. मला माझ्या टोपीचा अभिमानही वाटला.

वही ड्रॉवरमध्ये होती. मी ती काढायला गेले तर काका म्हणाले, "राहू दे. घरची फाइल हाय. तिला कशाला वही?" इतक्या वर्षांत मी त्यांना वही टाळताना पाहिलं ते त्या एकाच वेळी. दमले होते ते. मला तेव्हा कळायला हवं होतं.

दुसऱ्या दिवसापासून डिफ गप्प झाली. कधी 'अर्धी भाकरी'ची 'एक भाकरी' व्हायची, कधी उठायची वेळ अर्ध्या तासानं सरकायची. बाकी काही नाही. काका निवांत झाले. गाडीतलं बातमीपत्र पुन्हा सुरू झालं. कासूला फलाटावर नवा बाक, कुणाच्या तरी पिशवीचा तुटलेला बंद. आणि शेवटी, रोह्याला उतरताना, ठरलेलं वाक्य: "आमची मंडळी जिथल्या तिथं हाय. फरक नाय." संध्याकाळी घरी गेल्यावर काकी ओट्यावर शांत बसलेल्या असत, दिलेलं खात, सांगितलं की झोपत. पूर्वीसारखी टर उडवत नसत, भांडत नसत. काका म्हणायचे, "औषध लागू पडलंय. मन थाऱ्यावर आलंय."

असे अडीच-तीन महिने गेले. मग कारखान्यात नवे कॉम्प्युटर आले आणि काकांच्या फाइली नव्या मशीनवर हलवायचं काम माझ्याकडं आलं. काका त्या वेळी प्लॅंटमध्ये होते. सगळं नीट उतरलंय का बघायला मी त्यांचीच शिकवण वापरली. यादी बाजूला ठेवली आणि सगळं उघडं करून एकदा बघितलं. कारखान्याच्या फाइली ठीक होत्या. पुढची फाइल घरची होती. सवयीनं मी तीही चालवली.

'विचारलं: गाडी गेली का.' 'विचारलं: भात झाला का.' 'विचारलं: संध्याकाळी येतात ते कोण.'

मी ती ओळ दोनदा वाचली. मग आदल्या दिवसाची फाइल उघडली. त्याच्या आदल्या दिवसाची. 'विचारलं: ते गृहस्थ चांगले हायत पन रोज का येतात.' 'विचारलं: आमचे हे कामावरून कवा येतील.' 'विचारलं: त्यांना माझं नाव कसं ठाव.' मी मागे मागे जात राहिले. आठवड्यामागून आठवडे. सुमननं सगळं लिहिलं होतं, एकही दिवस न चुकता, स्वच्छ, एका ओळीत एक गोष्ट.

या मोठ्या आयमध्ये एक बरी गोष्ट असते. सोडून द्यायची ओळ खऱ्या बदललेल्या ओळीला चिकटून आली, तर डिफ दोन्ही दाखवते. सुमन जरा गबाळी असती, एखादा प्रश्न जेवणाच्या ओळीला लागून लिहिला असता, तर काकांना तो दिसला असता. पण ती सगळे प्रश्न नेटकेपणानं शेवटी लिहायची, 'औषध दिलं' या ओळीखाली. आणि औषध तर रोजच दिलं जायचं. ती ओळ कधी बदललीच नाही.

काका आले तेव्हा मी खुर्चीतून उठले. पडद्याकडं बोट केलं. काकांनी चष्मा कपाळावरून खाली घेतला आणि उभ्यानंच वाचायला लागले. वाचत असताना त्यांचे ओठ हलत होते. मी म्हणत होते, "काका, माझी चूक आहे, मी लिहिला तो नमुना, मीच..." त्यांना ते ऐकू येत होतं की नाही कुणास ठाऊक. मग ते खाली बसले.

"सुमननं सांगितलं व्हतं गो," ते म्हणाले. "रोज सांगत व्हती. आपनच तिला म्हटलं, सांगू नकोस."

त्यांनी 'आपण' म्हटलं. 'तू' म्हणाले असते तर मला सोपं गेलं असतं. ते रागावले असते तर मी रडून मोकळी झाले असते. पण ते उठले, ड्रॉवरमधून तपकिरी वही काढली आणि तो नमुना तिच्यात लिहिला. तारीख तीन महिन्यांपूर्वीची घातली. 'का' या रकान्यात लिहिलं, 'वाचवत नव्हतं.' सही स्वतःची केली. मग राजीनामा लिहायला साध्या कागदाचं पान मागितलं. साहेबानं थांबवायचा प्रयत्न केला नाही, हे त्याचं चांगलं.

नंतर सुमन मला एकदा पेणच्या बाजारात भेटली. मी तिला विचारलं, एवढं घडत होतं तर तू सकाळी दारात काकांना तोंडानं का नाही सांगितलंस? ती म्हणाली, "ताई, म्या तं रोज लिवत व्हते. मना वाटलं दादा वाचतात नि गप ऱ्हातात. मंग बापड्याच्या तोंडावर कसं बोलायचं, तुझी बायको तुला वळखत नाय?" तिचं बरोबर होतं. कुणीच असं तोंडावर बोलत नाही.

काकांनी नोकरी सोडल्यावर माझं गाडीत बसणं तेवढं उरलं. कासूला गाडी थांबायची, मी फलाटाकडे बघायचे नाही. फोन करायला धजत नव्हते. चार-पाच महिने असेच काढले आणि मग एका रविवारी दुपारी पोह्यांचे पापड घेऊन गेलेच.

काकी ओट्यावर बसल्या होत्या. कुंकू तसंच ठसठशीत, कुणीतरी लावून दिल्यासारखं सरळ. काका खालच्या पायरीवर बसून मोड आलेले वाल सोलत होते. ते वाळले होते. मला बघून त्यांनी नुसती मान हलवली, काकींच्या दिशेनं, म्हणजे आधी तिच्याशी बोल. काकींनी मला कुणाची गो तू, पेणला कुठं राहतेस, सगळं विचारलं. आवाज पुन्हा मोठा झाला होता. मला क्षणभर वाटलं, बऱ्या झाल्या. मग त्या माझ्याकडे झुकल्या आणि काकांना ऐकू जाईल अशा कुजबुजीत म्हणाल्या, "हे बघ, हे रोज येतात. सगळं करतात. वाल सोलतात, पानी भरतात. सोभाव चांगला. आमच्या ह्यांना असलं काय जमायचं नाय."

काका वाल सोलत राहिले. खाली मान घालून हसले की काय ते मला दिसलं नाही. जरा वेळानं त्यांनी काकींना विचारलं, "आज कुठलं लुगडं नेसलाय?" आणि काकींनी खूश होऊन पदर पुढं धरला. "नवं हाय. तुम्हाला कळलं तरी!"

सूर्य खाली गेला तशा काकी चुळबुळायला लागल्या. रस्त्याकडे बघायला लागल्या. मग काकांना म्हणाल्या, "आता तुमी निघा. तिन्हीसांजा झाल्या. तुमची बायको वाट बघत असंल."

"व्हय," काका म्हणाले. "निघतो."

त्यांनी वालाचं ताट आत नेऊन ठेवलं, हात धुतले, चपला घातल्या. "उद्या येतो."

"या. सावकाश जावा."

मीही त्यांच्याबरोबर निघाले. फाटकाबाहेर थोडं पुढं गेलं की शेजारच्यांचं शेवग्याचं झाड आहे. काका तिथं थांबले. मला कळेना. म्हणाले, "आता हितं जरा उभं ऱ्हायचं. ती आत गेली नि देवाकडं दिवा लावला, की मागल्या दारानं जायचं. भाकऱ्या टाकायच्या हायत."

"रोज?"

"रोज."

मला माफी मागायची होती. त्यासाठीच गेले होते मी. तोंडातून निघालं ते भलतंच. म्हटलं, "काका, हे कसं सहन होतं तुम्हाला?"

त्यांनी घराकडे पाहिलं. काकी अजून ओट्यावरच होत्या, रस्त्याकडे तोंड करून.

"तिच्या ध्यानातनं सगळं गेलं गो," काका म्हणाले. "पन बायको वाट बघते, हे गेलेलं नाय."

माझी रिक्षा आली. मी बसले. वळणावर मागे पाहिलं तेव्हा काकींनी दिवा लावला नव्हता, आणि काका झाडाखाली, स्वतःच्या घराबाहेर, मागे हात बांधून उभे होते.